‘निरुपद्रवी’ यंत्राचा दाह : एम. आर. आय. तपासणीच्या इतिहासातील एक प्रश्न

वैद्यकीय उपकरणांचा इतिहास लिहिताना शोधांच्या तारखा, शोधकांची नावे व त्यांना मिळालेली पारितोषिके यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. त्या उपकरणांनी केलेल्या अपायांची नोंद मात्र वैद्यकीय नियतकालिकांच्या मागील पानांवर सोडून देतो. हे योग्य नव्हे. एखाद्या उपकरणाविषयी समाजाने कोणती भीती बाळगली, कोणती बाळगली नाही, आणि ही निवड कशाच्या आधारे झाली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. एम. आर. आय. या नावाने सर्वपरिचित झालेल्या तपासणीत रुग्ण भाजण्याचे जे प्रकार घडले, त्यांचा या दृष्टीने येथे विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या यंत्राची निरुपद्रवी म्हणून जी ख्याती झाली ती क्ष-किरणांशी केलेल्या तुलनेतून झाली. ती तुलना खोटी नव्हती, पण अपुरी होती. आणि जी तुलना अधिक उपयोगी पडली असती, ती वैद्यकाच्या अनुभवात असूनही रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास विलंब लागला.

प्रथम क्ष-किरणांचा अनुभव पाहू. नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला आणि १८९६ हे वर्ष संपण्यापूर्वीच केस गळणे, त्वचा लाल होणे व फोड येणे अशा तक्रारी प्रसिद्ध होऊ लागल्या. हा परिणाम किरणांचा नसून नळीभोवतालच्या विद्युत्-विसर्जनाचा किंवा तेथे उत्पन्न होणाऱ्या ओझोन वायूचा असावा, असे त्या वेळी पुष्कळांना वाटत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिहू टॉम्सन यांनी आपल्या डाव्या हाताच्या करंगळीवर मुद्दाम किरण घेऊन हा प्रश्न तपासला. काही दिवस गेल्यावर बोट सुजले, त्यावर फोड आले. एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे हात या किरणांनी निकामी झाले व १९०४ मध्ये त्याचा अंत झाला. १९३६ साली हॅम्बुर्ग येथे क्ष-किरण व रेडियम यांना बळी पडलेल्या संशोधकांचे व चिकित्सकांचे स्मारक उभारण्यात आले. ‘शरीराच्या आत डोकावणारे यंत्र म्हणजे अदृश्य किरणांचा धोका’ हे समीकरण वैद्यकाच्या मनात असे दृढ झाले.

या पार्श्वभूमीवर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे तंत्र वैद्यकात आले. १९४६ मध्ये ब्लॉक व पर्सेल यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या या आविष्काराला १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. तो प्रामुख्याने पदार्थविज्ञानाच्या व रसायनाच्या प्रयोगशाळांत रमलेला होता. १९७१ मध्ये दामादियन यांनी अर्बुदाच्या व निरोगी ऊतकांतील संकेतांमधील फरक दाखविला. १९७३ मध्ये लाउटरबर यांनी या संकेतांपासून प्रतिमा तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि जुलै १९७७ मध्ये दामादियन व त्यांचे सहकारी यांनी मानवी छातीची एक प्रतिमा घेतली, तिला जवळजवळ पाच तास लागले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे मॅन्सफील्ड यांनी १९७८ मध्ये नव्या यंत्रात प्रथम स्वतःलाच ठेवून घेतले. बदलत्या चुंबकक्षेत्राने हृदयाच्या गतीत बिघाड होईल अशी शंका त्या वेळी व्यक्त झाली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणजे आरंभीच्या संशोधकांना भीती नव्हती असे नाही. परंतु ती हृदयाविषयी होती, त्वचेविषयी नव्हती.

ऐंशीच्या दशकात ही तपासणी रुग्णालयांत शिरली. त्याच सुमारास तिच्या नावातील ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द गळाला. येथे अणुकेंद्र म्हणजे पाण्यातील हायड्रोजनचे केंद्र. किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नव्हता. तरीही त्या शब्दाने रुग्ण घाबरतील असे वाटल्यामुळे तो वगळणे सोयीचे ठरले. ‘हिच्यात क्ष-किरण नाहीत’ हे वाक्य या तपासणीच्या परिचयाचे पहिले वाक्य बनले. वाक्य सत्य होते. परंतु श्रोत्याने त्यातून ‘म्हणून हिच्यात अपाय नाही’ असा जो अर्थ घेतला, तो त्या वाक्यात नव्हता.

या यंत्रात प्रत्यक्षात काय घडते? बलवान चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या शरीरावर रेडिओ तरंगांचे स्पंद सोडले जातात. क्षेत्र एक टेस्ला असता त्यांची कंप्रता सेकंदाला सुमारे ४.२६ कोटी आवर्तने असते. दीड टेस्लाच्या यंत्रात ती सुमारे ६.४ कोटी होते. या तरंगांनी रासायनिक बंध तुटत नाहीत. पण त्यांच्या ऊर्जेचा मोठा भाग शरीरात उष्णतेच्या रूपाने जिरतो. शिवाय बदलत्या चुंबकक्षेत्रात एखादे बंद वेटोळे असल्यास त्यातून प्रवाह वाहू लागतो, हा फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथेही लागू आहे. ते वेटोळे तांब्याच्या तारेचेच असले पाहिजे असे नाही. मानवी शरीरही विद्युत्-संवाहक आहे. रुग्णाने दोन्ही हात एकमेकांत गुंफले, किंवा त्याच्या उघड्या पोटऱ्या एकमेकींना टेकल्या, तर शरीराचेच एक वेटोळे पुरे होते. आणि जेथे त्वचेला त्वचा अल्पशा जागेत टेकते तेथे प्रवाह एकवटून ती जागा भाजते.

यातील एकही तत्त्व नवीन नव्हते. पॅरिसमध्ये आर्सोन्व्हाल यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांतच असे दाखविले होते की, अतिशीघ्र आवर्तनांचा प्रवाह स्नायूंना झटका न देता शरीरात उष्णता उत्पन्न करतो. यातूनच डायाथर्मी ही उपचारपद्धती निघाली. आजही लघुतरंग डायाथर्मीचे यंत्र सेकंदाला सुमारे २.७ कोटी आवर्तनांवर चालते, म्हणजे एम. आर. आय. यंत्रातील तरंग हे त्याचेच नजीकचे भाईबंद होत. १९२६ मध्ये बोस्टन येथे कुशिंग यांनी बोव्ही यांच्या विद्युत्-उपकरणाने शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांनाही ठाऊक आहे की, रुग्णाच्या अंगाखालील परतीच्या प्रवाहाची पट्टी नीट चिकटली नाही, तर तोच प्रवाह अरुंद जागेतून जाऊन त्वचा भाजतो. १८९६ मध्ये क्ष-किरणांच्या दाहाला जे विजेचे कारण पुष्कळांनी चुकीने जोडले होते, तेच येथे खरे कारण ठरले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

मग हे ज्ञान कोठे अडले? भौतिकी जाणणाऱ्यांना ऊष्मीकरणाचा प्रश्न माहीत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटन व अमेरिका येथील नियामक संस्थांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच शरीरात जिरणाऱ्या ऊर्जेवर व तापमानवाढीवर मर्यादा सुचविल्या होत्या. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सामान्य तपासणीत ही मर्यादा संपूर्ण शरीरासाठी दर किलोग्रॅमला सरासरी दोन वॅट आहे. परंतु यंत्राने किती ऊर्जा द्यावी एवढेच अशी मर्यादा सांगते. रुग्णाचे हात कसे आहेत, अंगावरून तार कशी गेली आहे, आणि त्यामुळे ती ऊर्जा कोणत्या बिंदूवर एकवटेल, हे तिच्यातून कळत नाही. सरासरी निर्दोष असूनही बोटाच्या पेराएवढी जागा भाजू शकते.

हे ज्ञान अखेर रुग्णांच्या अंगावरील जखमांनीच पुरविले. १९८९ मध्ये रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या उपकरणाच्या तारेमुळे बोट गंभीररीत्या भाजल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात पोटऱ्या एकमेकींना टेकल्यामुळे भाजल्याचे वृत्त आले. तेथे तार वा धातू यांपैकी काहीच कारणीभूत नव्हते. २००५ मध्ये मेंदूत विद्युत्-अग्रे बसविलेल्या कंपवाताच्या एका रुग्णास कमरेच्या तपासणीनंतर कायमची मज्जासंस्थेची हानी झाल्याचे प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधी चिकटपट्ट्यांच्या पाठीवरील धातूच्या थराविषयी सूचना काढली. प्रत्येक वेळी कारण समजल्यावर ते अगदी साधे वाटले. जखम होईपर्यंत मात्र ते कोणी विचारले नव्हते.

या जखमांचे एक वैशिष्ट्य असे की, उष्णता त्वचेखालील थरांतही उत्पन्न होते. त्यामुळे आरंभी नुसती लाली दिसते व खरी खोली मागाहून कळते. काहींना त्वचारोपण करावे लागते, व्रण जन्मभर राहतो. गुंगीत असलेला रुग्ण, लहान मूल, पक्षाघाताने संवेदना गेलेला मनुष्य यांना तर ‘भाजते आहे’ हे सांगताच येत नाही. ज्याला सांगता येते त्याच्यावरही विश्वास बसतोच असे नाही. कारण ‘या यंत्राने भाजत नाही’ ही समजूत ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असते.

लोकस्मृतीतही हाच क्रम दिसतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळकांड्यासह एक तरुण चुंबकाकडे ओढला जाऊन मृत्यू पावला. ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु अमेरिकेच्या उपर्युक्त प्रशासनाकडे दहा वर्षांत आलेल्या १,५४८ नोंदींचे जे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ५९ टक्के नोंदी उष्णतेच्या अपायाच्या होत्या. या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अशा नोंदी बहुधा अपूर्ण असतात. त्यांवरून दर हजार तपासण्यांत किती जण भाजतात हे काढता येत नाही, आणि दरवर्षी होणाऱ्या कोट्यवधी तपासण्यांच्या मानाने हे प्रकार विरळाच आहेत. अपायांची परस्पर तुलना मात्र त्यांवरून करता येते, आणि तीत दाह अग्रस्थानी आहे.

हाच आकृतिबंध उष्णतेच्या क्षेत्राबाहेरही आढळतो. प्रतिमा स्पष्ट व्हावी म्हणून शिरेतून दिली जाणारी गॅडोलिनियमची संयुगे १९८८ पासून अमेरिकेत प्रचारात आली. जुन्या आयोडीनयुक्त द्रव्यांच्या मानाने ती मूत्रपिंडास सौम्य, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनाच ती विशेष पसंत केली जात. १९९७ पासून अशा काही रुग्णांची त्वचा ताठर व जाड होऊ लागल्याचे दिसले. २००० साली हा विकार स्वतंत्र म्हणून वर्णिला गेला, आणि २००६ मध्ये ऑस्ट्रिया व डेन्मार्क येथील चिकित्सकांनी त्याचा संबंध याच द्रव्याशी जोडला. येथेही जुन्या अपायाचा अभाव हाच नव्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा मानला गेला होता.

या सर्वांवरून एम. आर. आय. तपासणी टाळावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिने वाचविलेल्या जीवांची संख्या मोठी आहे, आणि हाताखाली व पायांमध्ये ठेवलेली एक घडी, सरळ ठेवलेली तार व रुग्णाच्या हातातील सूचनेची कळ एवढ्याने बहुतेक दाह टळतात. निष्कर्ष काढावयाचा तो पद्धतीविषयी आहे. नवे उपकरण कोणत्या जुन्या संकटातून आपणांस सोडविते, हा प्रश्न शोधाच्या इतिहासकाराने विचारावाच. पण त्याबरोबरच ते शरीरात कोणती शक्ती सोडते आणि त्या शक्तीचा पूर्वानुभव ज्ञानाच्या कोणत्या दुसऱ्या दालनात पडून आहे, हेही विचारले पाहिजे. टॉम्सन यांनी आपल्या करंगळीवर जे तपासले ते बुद्ध्या व स्वेच्छेने. पुढील काळात तीच तपासणी रुग्णांच्या बोटांवर व पोटऱ्यांवर त्यांच्या नकळत झाली, ही या इतिहासातील विसरू नये अशी नोंद होय.