लपवलेलं कोणी शोधायचं? पोटगी, घटस्फोट आणि संपत्तीच्या शपथपत्राचा इतिहास

पोटगीच्या दाव्यात एक उत्तर इतक्या वेळा ऐकायला मिळतं की वकिलांना ते पाठच असतं. 'मला उत्पन्न असं काही नाही.' दुकान वडिलांचं, फ्लॅट आईच्या नावावर, शेतीचं हक्कसोडपत्र भावाला करून दिलेलं, आणि नोकरी? ती तर गेल्याच महिन्यात सोडली! समोर बायको उभी असते. तिला माहीत असतं की हे खरं नाही, पण तिच्या हातात कागद एकही नसतो. पासबुक कधी पाहिलेलं नसतं, विवरणपत्र कधी दाखवलेलं नसतं.

आज आपण या लपवाछपवीचा इतिहास बघणार आहोत. त्यासाठी एकच प्रश्न धरून ठेवू : लपवलेलं शोधून काढायचं काम कोणाचं? मागणाऱ्याचं, की ज्याच्याकडे आहे त्याचं? आमचं म्हणणं असं आहे की कायद्यात जे काही बदललं, ते या प्रश्नाच्या उत्तरात बदललं.

सुरुवात स्त्रीधनापासून करू. याज्ञवल्क्यस्मृतीत नवऱ्याने घेतलेलं स्त्रीधन परत न केलं तरी चालेल असे मोजके प्रसंग दिले आहेत : दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद. याचा सरळ अर्थ असा की एरवी ते परत करायचं. म्हणजे बायकोचं काय, याची मोजदाद आपल्या परंपरेत जुनी आहे. पण नवऱ्याकडे किती आहे, हे त्याने बायकोला सांगावं, असा नियम त्यात नाही. तिच्या वस्तूंची यादी होती, त्याच्या मिळकतीची नव्हती.

दक्षिणेतल्या अनेक जातींमध्ये काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील याने या चालीरीती गोळा केल्या. त्याचा ग्रंथ १८२७ चा आहे. हे तंटे जातीच्या पंचांपुढे जायचे. आता बघा, शेतीवर चालणाऱ्या गावात कोणाची जमीन कुठवर आणि गोठ्यात बैल किती, हे पंचांना वेगळं विचारावं लागत नसे. बायकोला न्याय मिळेच असं नाही, पण मिळकत लपवणं अवघड होतं. ती सोपी झाली पगार, बँक आणि शहर आल्यावर.

इंग्रजी अमलातला महत्त्वाचा कायदा म्हणजे १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता. तिच्या कलम ४८८ खाली टाकून दिलेली बायको मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत होती. पण पोटगीला कमाल मर्यादा होती : महिना ५० रुपये. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ ची नवी संहिता आली, कलम १२५ आलं, आकडा मात्र ५०० च राहिला. महागाई कुठल्या कुठे गेली, आणि केंद्रीय कायद्यातला हा आकडा २००१ पर्यंत जागचा हलला नाही.

ही मर्यादा आपल्या विषयात इतकी का महत्त्वाची? कारण ५०० च्या वर काही मिळणारच नसेल, तर नवऱ्याला ५,००० मिळतात की ५०,००० हे खणून काढण्यात अर्थ काय? कायद्याने रक्कम बांधून दिली आणि चौकशीची गरजच संपवली. कलमाचा हेतू बायको रस्त्यावर येऊ नये एवढाच होता. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादा गेली, आणि 'याच्याकडे नक्की आहे किती?' हा प्रश्न मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर खऱ्या अर्थाने आला. लपवाछपवी जुनीच होती, आता ती उघडी पाडण्याला किंमत आली.

दिवाणी बाजूला एक धागा मात्र आधीपासून होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ घ्या. एखाद्याला स्थावर मिळकतीच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क आहे, आणि ती मिळकतच दुसऱ्याच्या नावावर केली, तर काय? मूळ कलम म्हणत होतं की हा हक्क बुडवण्याच्या इराद्याने व्यवहार झाला असला पाहिजे. आता नवऱ्याच्या मनातला इरादा बायकोने कसा सिद्ध करायचा? १९२९ च्या दुरुस्तीने तो इरादाच कलमातून काढून टाकला. घेणाऱ्याला हक्काची कल्पना होती, किंवा त्याने मिळकत फुकट घेतली, एवढं पुरेसं झालं. म्हणजे भावाला बक्षीसपत्र करून दिलं की सुटलो, असं आता होत नाही. ओझं सरकलं ते इथे, जरासंच.

घटस्फोटाच्या बाबतीत बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये, आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा देशभर आला. त्यात कलम २४ ची अंतरिम पोटगी आहे, कलम २५ ची कायमची आहे. दोन्हीकडे न्यायालयाने उत्पन्न बघावं असं लिहिलं आहे. पण ते उत्पन्न न्यायालयासमोर आणायचं कसं? यावर कायदा गप्प आहे. बायकोने आकडा सांगायचा, नवऱ्याने नाकारायचा, आणि न्यायाधीशांनी दोन्हींच्या मधला अंदाज बांधायचा. म्हणून अर्जातला आकडा फुगवायचा आणि जबाबातला आटवायचा, ही रीतच पडली. दोन्ही बाजू खोटं बोलतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यात खरं बोलणारा मार खातो.

गंमत अशी की उत्तर १८७२ पासून पुस्तकात होतं. पुरावा कायद्याचं कलम १०६ सांगत होतं की जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. आपला पगार किती, हे ज्याचा त्याला सगळ्यात जास्त ठाऊक. तरीही पोटगीच्या अर्जात हे तत्त्व नियम म्हणून सगळीकडे लागू व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं जावी लागली.

दिल्ली उच्च न्यायालयाने गेल्या दशकात शपथपत्राचा तपशीलवार नमुना तयार करायला सुरुवात केली. देशभराचा नियम मात्र एका महाराष्ट्रातल्या प्रकरणातून आला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये केलेला पोटगीचा अर्ज, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोचला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. एका अंतरिम पोटगीसाठी सात वर्षं! त्या सात वर्षांत मूल शाळेत जाऊ लागतं.

या निकालाने काय केलं? पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही संपत्तीचं आणि देण्याचं शपथपत्र द्यायचं. दोघांनीही, हे लक्षात घ्या; बायकोलाही आपली कमाई आणि ठेवी सांगाव्याच लागतात. पगार, बँक खाती, गुंतवणूक, घर, वाहन, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, सगळं. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे, कारण तिथे पगाराची स्लिप नसते, सातबारा असतो. उत्तर देणाऱ्याला जास्तीत जास्त चार आठवडे. टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो, आणि शपथेवर खोटं सांगितलं तर फौजदारी कारवाई होऊ शकते. शिवाय पोटगी अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे वेळ काढण्यातला फायदाच संपवला.

इथे इतिहास संपला असं वाटेल, पण तसं झालं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की शपथपत्रं न घेता अजूनही आदेश होत आहेत, आणि तो निकाल पुन्हा सगळ्या न्यायालयांकडे पाठवावा लागला. नियम झाला म्हणून सवय बदलत नाही.

आणि एक मूळ मुद्दा उरतोच. हे सगळं पोटगीबद्दल आहे. संसारात मिळून उभं केलेल्या संपत्तीत बायकोचा वाटा आहे, असं आपला सर्वसाधारण कायदा मानत नाही. तसा वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेपर्यंत पोचून ते पुढे गेलं नाही, बारगळलं.

आपल्या शेजारी गोव्यात चित्र वेगळं आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे मुक्तीनंतरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची संपत्ती एकत्र येते आणि तिचा अर्धा हिस्सा प्रत्येकाचा. स्थावर विकायची तर दोघांची संमती लागते. जुन्या संहितेत कारभार नवऱ्याच्याच हाती होता, तेव्हा हे काही समतेचं नंदनवन नव्हे. पण दस्तऐवजावर बायकोची सही लागणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्या सहीशिवाय घर विकता येत नसेल, तर घर विकलं जातंय हे तिला आधी कळतं. नंतर वकील लावून शोधावं लागत नाही.

म्हणजे आपल्यापुढे दोन वाटा आहेत. एका वाटेवर भांडण सुरू झाल्यावर शपथ घ्यायला लावतात. दुसरीवर संसार चालू असतानाच कागदावर दोघांची नावं असतात. पहिली आपल्याला १८७२ च्या पुस्तकातून २०२० मध्ये सापडली. दुसरीसाठी मात्र निकालाची वाट बघायची गरज नाही. घरातला दस्त, खातं, विमा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न ज्या घरात सगळं नीट चाललंय, तिथे शांतपणे विचारता येतो. भांडणानंतर तोच प्रश्न विचारायला अर्ज करावा लागतो, आणि उत्तराला वर्षं लागतात.