जुन्या लिफ्टचे वय कसे ओळखावे?

मुंबईतील जुन्या इमारतीचे वय सांगणारी कोनशिला पुष्कळदा दर्शनी भिंतीवरच सापडते. त्याच इमारतीतील लिफ्टला मात्र अशी कोनशिला नसते. जाळीचे घडीचे दार, पितळी मूठ आणि सागवानी केबिन पाहून ‘इंग्रजांच्या काळातली असावी’ असे म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. हा अंदाज कधी खरा ठरतो, कधी साफ फसतो. कारण लिफ्ट ही एक वस्तू नसून अनेक वस्तूंचा संच असतो आणि त्यातील प्रत्येक भागाचे वय निराळे असू शकते. हे एकदा ध्यानात आले की लिफ्टचे वय शोधण्याचा छंद केवळ हौस न राहता इतिहासाचा अभ्यास होतो.

या छंदासाठी पश्चिम रेल्वेचा मार्ग फार सोयीचा आहे. वसईजवळच्या उमेळे गावातून नायगाव किंवा वसई रोड स्थानक गाठून रोज चर्चगेटला उतरणारा नोकरदार लिफ्टच्या इतिहासाची दोन्ही टोके पाहत असतो. चर्चगेटलगत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूला १९३० आणि १९४० च्या दशकांतील आर्ट डेको इमारती आहेत. ओव्हल परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह या शैलीच्या वास्तूंना ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. परतीच्या टोकाला वसई-विरार पट्ट्यात मात्र बहुतेक उंच इमारती गेल्या काही दशकांतल्या. जुनी लिफ्ट ओळखायची तर नवी लिफ्टही नीट पाहावी लागते.

थोडी पूर्वपीठिका

एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर तुटला तरी कोसळू न देणारी सुरक्षा-यंत्रणा लोकांसमोर दाखविली. १८५७ साली त्याच शहरातील एका दुकानात त्यांची प्रवासी लिफ्ट बसली. विजेवर चालणारी लिफ्ट वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८० साली जर्मनीतील मानहाइम येथे दाखविली. मुंबईत सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी १९०५ साली निघाली आणि १९१५ पासून खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज शहराला मिळू लागली. इमारतीत विजेची लिफ्ट सहज बसावी ही परिस्थिती त्यानंतरची होय. त्याआधीची इमारत दिसली तर तिच्यातील लिफ्ट मागाहून बसविलेली तर नाही ना, हा प्रश्न प्रथम विचारावा.

पाटी काय सांगते?

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे केबिनमधील पाटी. तिच्यावरील कंपनीचे नाव आधी पाहावे. लंडनची वेगुड आणि अमेरिकेची ओटिस यांच्या एकत्र येण्यातून १९१४ साली ‘वेगुड-ओटिस’ हे नाव आले; तेव्हा ते नाव कोरलेली पाटी त्याआधीची असू शकत नाही. ओटिसची भारतीय कंपनी १९५३ साली नोंदली गेली, म्हणून ‘इंडिया’ हा शब्द असलेली तिची पाटी त्यानंतरची. जॉन्सन लिफ्ट्स ही कंपनी १९६३ साली मद्रासमध्ये सुरू झाली.

त्यानंतर पत्ता वाचावा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी ‘बॉम्बे १’ अशा धर्तीचा टपाल विभागाचा आकडा लिहीत. ‘बॉम्बे’च्या जागी अधिकृत इंग्रजी व्यवहारात ‘मुंबई’ आले ते १९९५ साली. सरकारी परवान्यावर ‘मुंबई राज्य’ असेल तर तो १ मे १९६० पूर्वीचा, ‘महाराष्ट्र’ असेल तर नंतरचा. वसईच्या बाजूलाही अशाच खुणा आहेत. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्यामुळे ‘जि. पालघर’ असे छापलेला कागद २०१४ च्या आधीचा असूच शकत नाही.

वजनाचा आकडा तर फारच मौजेचा. आपल्याकडील असंख्य लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असे लिहिलेले असते. हा विचित्र आकडा आला कोठून? एका माणसाचे वजन १५० पौंड धरण्याची रीत होती. १५० पौंड म्हणजे ६८ किलो आणि सहा माणसांचे ४०८. मेट्रिक पद्धती १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी पौंडांची सावली किलोच्या पाटीवर कितीतरी दशके राहिली. पाटीवर ‘९०० पौंड’ असेल तर ती मेट्रिकपूर्व काळातील असण्याचा संभव मोठा.

यंत्राची साक्ष

मोटारीच्या पट्टीवर विजेची वारंवारता ‘५० सायकल्स’ अशी असेल तर ती जुनी. ‘हर्ट्झ’ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत स्वीकारले गेले आणि पुढे रूढ झाले. दोर ढोलावर गुंडाळणारे यंत्र हे चाकाच्या खाचेतील घर्षणाने दोर ओढणाऱ्या यंत्राच्या आधीच्या पिढीतले. लिफ्टमनने मूठ फिरवून चालवायची लिफ्ट बटणांच्या लिफ्टपेक्षा बहुधा जुनी. पण मूठ काढून बटणे बसविण्याचे कामही अनेक ठिकाणी झाले आहे. मशीन रूमच नसलेली लिफ्ट कोने कंपनीने १९९६ साली बाजारात आणली. वरच्या मजल्यावर यंत्राची खोली नसेल तर लिफ्ट बहुधा त्यानंतरची समजावी.

दोरांवरून वय ठरवू नये, कारण ते झिजले की बदलावेच लागतात. उलट केबिनला वाट दाखविणारे पोलादी रूळ सहसा कोणी बदलत नाही. म्हणून मूळ लिफ्टचा सर्वांत विश्वासू साक्षीदार अनेकदा हे रूळच असतात.

‘आधीचे नाही’ आणि ‘नंतरचे नाही’

सारा हिशेब या दोन शब्दप्रयोगांवर उभा आहे. नवी खूण पक्की असते, जुनी खूण कच्ची. पिनकोड असलेली पाटी १९७२ च्या आधीची नाही, हे निश्चित. परंतु पिनकोड नाही म्हणून ती १९७२ पूर्वीचीच, असे म्हणता येत नाही. छापून ठेवलेल्या पाट्या पुढेही वापरल्या जातात आणि सवयीने जुना पत्ताही लिहिला जातो.

उदाहरणादाखल अशी लिफ्ट कल्पावी: इमारतीची कोनशिला १९३८ ची, यंत्रावर वेगुड-ओटिसचे नाव, केबिनमध्ये ४०८ किलोची पाटी, खाली ‘बॉम्बे ४०० ०२०’ हा पत्ता आणि प्लास्टिकची बटणे. येथे ‘लिफ्ट १९३८ ची’ हे अर्धेच उत्तर होईल. यंत्र मूळ असण्याचा संभव मोठा, पाटी १९७२ नंतरची आणि बटणे बहुधा त्याच सुमारास किंवा नंतर बदललेली, हे पूर्ण उत्तर. एका वर्षाऐवजी प्रत्येक भागासमोर कालखंड लिहिणे हीच या छंदातील प्रामाणिकता.

कागदपत्रांनाही हाच नियम लावावा. ‘बॉम्बे लिफ्ट्स ॲक्ट’ हा कायदा १९३९ चा. त्याआधी बसलेल्या लिफ्टचा परवानाही त्यानंतरचाच असणार. म्हणून परवान्याचे वर्ष हे लिफ्टचे जन्मवर्ष मानू नये. सोसायटीचे जुने ठराव, देखभालीची बिले आणि दुरुस्तीच्या नोंदी यांतून बदललेल्या भागांचा माग लागतो.

सावधगिरी आणि उपयोग

लिफ्टच्या खड्ड्यात डोकावणे, जाळीतून हात घालणे किंवा मशीन रूममध्ये एकट्याने शिरणे जिवावर बेतू शकते. सोसायटीची परवानगी घ्यावी आणि वर जायचेच तर देखभाल करणाऱ्या मेकॅनिकसोबत, त्याच्या सांगण्याप्रमाणे जावे. त्या मेकॅनिकइतका चांगला गुरूही दुसरा नाही.

या खटाटोपाचा उपयोग काय? महाराष्ट्राने २०१७ साली लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी नवा कायदा केला. जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत आहे आणि लिफ्ट बदलण्याचे ठराव सोसायट्यांच्या सभांत येत आहेत. अशा वेळी ‘जुनी आहे, काढा’ आणि ‘वारसा आहे, ठेवा’ ही दोन्ही मते अपुरी ठरतात. लिफ्ट जुनी आहे म्हणून ती धोकादायक होत नाही आणि केबिन सुंदर आहे म्हणून सुरक्षितही होत नाही. सुरक्षिततेचा निर्णय तपासणी अधिकाऱ्याचा. मात्र कोणता भाग किती जुना हे ठाऊक असले तर नवे यंत्र बसवूनही सागवानी केबिन, जाळीचे दार वा पितळी पाटी राखता येते. काहीच राखणे शक्य नसेल तर निदान पाट्यांची छायाचित्रे, मापे आणि तारखा सोसायटीच्या दप्तरात ठेवाव्यात. भंगाराच्या दुकानात पितळेला वजनाप्रमाणे भाव मिळतो. त्यावर कोरलेल्या नावाला आणि वर्षाला तेथे किंमत नसते.