शब्द आणि शाईची झुंज

छापलेले 'लाल' वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ लाल ठिपका पाहून त्याचा रंग सांगायला लागतो. निवडक अवधानाच्या चाचण्या या निरीक्षणातून निघाल्या. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली शिकलेले अमेरिकन संशोधक जेम्स मॅकीन कॅटेल यांनी ते १८८६ साली मांडले. सरावाने वाचन आपोआप घडते, रंगाचे नाव मात्र प्रयत्नाने आठवावे लागते, असा त्यांचा खुलासा होता.

शब्द आणि रंग एकमेकांवर घालण्याचा प्रयोग जर्मनीत एरिक येन्श यांनी १९२९ मध्ये छापला होता. तरी चाचणीला नाव मिळाले ते जॉन रिडली स्ट्रूप यांचे. टेनेसीतील नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबडी कॉलेजात केलेले त्यांचे संशोधन १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. रंग पाच: लाल, निळा, हिरवा, तपकिरी, जांभळा. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. त्याच रंगांत भलत्याच रंगांची नावे छापल्यावर ११०. उलट, शाईकडे दुर्लक्ष करून शब्द वाचताना जेमतेम दोन सेकंद वाढले. या प्रबंधाचे खरे मोल या एकतर्फीपणात आहे. वाचनाची सवय शाईला दाद देत नाही, पण शाईचा रंग सांगणाऱ्याला ती पदोपदी अडवते. तिसऱ्या प्रयोगात काही दिवस रंग सांगण्याचा सराव करून घेतल्यावर अडथळा घटला, आणि थोडा काळ रंगच वाचनाच्या आड येऊ लागला. स्ट्रूप पुढे बायबलच्या अध्यापनात रमले. त्यांच्या प्रयोगावर मात्र १९९१ पर्यंत सातशेहून अधिक निबंध निघाले होते.

सवय आवरणे वेगळे, आणि आतापर्यंत बरोबर ठरलेला नियम सोडून देणे वेगळे. हे दुसरे कौशल्य, म्हणजे मानसिक लवचिकता, मोजण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड ग्रँट आणि एस्टा बर्ग यांनी १९४८ मध्ये पत्त्यांची चाचणी प्रसिद्ध केली. पत्ते रंग, आकार की संख्येनुसार लावायचे हे सांगितले जात नाही. उत्तर चूक की बरोबर एवढेच कळते. नियम हाती आला, की परीक्षक तो गुपचूप बदलतो. माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये दाखवले, की मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण 'चूक' ऐकूनही जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतात. त्यामुळे ही चाचणी रुग्णालयांत पोहोचली. पुढे मेंदूच्या इतर भागांना इजा झालेले रुग्णही तिच्यात अडखळताना आढळले, म्हणून एकट्या या चाचणीवरून इजेची जागा ठरवली जात नाही.