केडगावचा रस्ता बांधापाशी का संपतो?

आधी एक खुलासा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं. आपलं केडगाव नगरचं, पुणे रस्त्यावरचं, रेणुकामातेच्या देवळाचं. जुने कागद चाळताना हा घोळ मीसुद्धा घातलाय.

नगर वसलं १४९० मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्ग आला १८७८ मध्ये. केडगाव तेव्हा वेगळं शेतीचं गाव होतं. नगरची महापालिका २००३ मध्ये झाली आणि आज केडगाव तिच्या हद्दीत आहे.

गाव असं शहरात मिसळताना रस्ते किती जोडलेले राहतात? मोजायची सोपी रीत आहे. चौकाला चार गुण, तिठ्याला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. मग सरासरी काढायची. ती घसरली की शेजारच्या गल्लीत जायलाही वळसा पडतो. बॅरिंग्टन-ले आणि मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शतकभराच्या रस्त्यांवर अशा मोजमापाने काम केलं. तिथला विस्कळीतपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोचून मग उतरू लागला होता. २०२० मध्ये त्यांनी सगळं जग घेतलं. मला त्यातली धास्तीची गोष्ट ही वाटते, की घरं पाडून पुन्हा बांधली तरी एकदा पडलेला रस्ता सहसा हलत नाही.

मग आपल्याकडे रस्ता आखतं कोण? माझ्या मते, सातबारा!

समजा, हमरस्त्याला काटकोनात दोन लांबट गट आहेत. भावाभावांच्या वाटण्या होऊन पट्टे अरुंद झालेत. एका मालकाने जमीन बिनशेती करून प्लॉट पाडले. विकायला जास्तीत जास्त जागा उरावी म्हणून मधून एकच रस्ता काढला. शेजाऱ्याची पाळी दहा वर्षांनी आली, तोवर बांधावर घरांच्या मागच्या भिंती उभ्या. दोघांनीही नियम मोडला नाही. दोन्ही लेआउट आतून अगदी सरळ. पण पाण्याच्या टँकरला, रुग्णवाहिकेला दरवेळी हमरस्त्यावर येऊन पुन्हा आत वळावं लागतं.

गुंठेवारीत तर परवानगीचाही प्रश्न नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यातून रस्त्याला कोण किती सोडणार? २००१ च्या कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. घरं वाचली, ते योग्यच झालं. पण त्यांच्याबरोबर बांधही पक्का झाला.

याला उपाय जुनाच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात सगळ्यांची जमीन एकत्र धरून आधी रस्ते आखायचे आणि मग प्रत्येकाला नव्या आकाराचा प्लॉट द्यायचा, अशी तरतूद होती. मात्र हे घरं उठायच्या आधी करावं लागतं.

यावर काम करणार असाल तर नुसता उपग्रहाचा नकाशा उतरवून घेऊन बसू नका. तो आजचा असतो. कोणता पट्टा आधी विकला गेला, हे बिनशेती आदेश आणि फेरफार सांगतात. आणि पायी फिरा. नकाशावर बंद असलेल्या गल्लीच्या टोकाला भिंतीशेजारून सायकल जाईल एवढा बोळ निघतो कधीकधी. त्याला एक गुण द्यायचा की तीन, यावर माझं मत दोनदा बदललंय.