लेखाशिक्षण, दूरस्थ व संमिश्र

लेखाविद्येचे शिक्षण टपाल, ध्वनिचित्रमुद्रण, संगणक इ. माध्यमांतून दुरून देणे म्हणजे दूरस्थ लेखाशिक्षण आणि त्यास प्रत्यक्ष अध्यापनाची वा कार्यालयीन उमेदवारीची जोड देणे म्हणजे संमिश्र लेखाशिक्षण होय. यातील ऑनलाइन माध्यम अलीकडचे असले, तरी ते स्वीकारण्यामागील विद्यार्थ्यांच्या प्रेरणा लेखाव्यवसायाच्या घडणीतच आढळतात.

ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले, त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास प्रारंभ केला. पुढे एडिंबरो येथील लेखापालांच्या संस्थेस १८५४ मध्ये, तर इंग्लंड व वेल्समधील संस्थेस १८८० मध्ये राजसनद मिळाली. परीक्षा व्यावसायिक संस्थेने घ्यावी आणि काम सनदी लेखापालाच्या हाताखाली शिकावे, अशी व्यवस्था रूढ झाली. परीक्षेच्या तयारीचा भार मात्र उमेदवारावरच राहिला. त्याचा दिवस अशिलांच्या वह्या तपासण्यात जाई व त्यासाठी परगावीही राहावे लागे. ठरलेल्या वेळेच्या वर्गापेक्षा टपालाने येणारा पाठ त्याला सोयीचा होता. १८८४ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या फोक्स लिंच यांच्यासारख्या शिकवणीसंस्था या गरजेवरच वाढल्या.

भारतात मुंबई येथे १९१३ मध्ये सिडनम महाविद्यालयामुळे उच्च वाणिज्यशिक्षणाची सोय झाली. १९४९ च्या अधिनियमान्वये भारतीय सनदी लेखापाल संस्था १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली. संस्थेने पुढे सैद्धांतिक भाग पत्रद्वारा शिकविला व व्यावहारिक भाग उमेदवारीकडे सोपविला. म्हणजे हे शिक्षण आरंभापासूनच संमिश्र होते. त्यामुळे तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यास मुंबईतील विद्यार्थ्याच्या हाती असलेलेच पाठ मिळू लागले. मात्र शंकेचे तत्काळ निरसन टपालाने होणे शक्य नव्हते. ही उणीव खाजगी शिकवणीवर्गांनी भरून काढली. कालांतराने त्यांची मुद्रित व्याख्याने पेन ड्राइव्हवरून व आंतरजालावरून दूरवर पोहोचली.

या स्वीकृतीची मीमांसा फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील सिद्धांताने करता येते. नवे तंत्र उपयुक्त व सुलभ वाटल्यास माणूस ते स्वीकारतो आणि त्यांत उपयुक्ततेचा प्रभाव अधिक असतो, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये व्हेंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक प्रभाव व साधनांची अनुकूलता या घटकांची त्यात भर घातली. लेखाविद्यार्थ्याच्या दृष्टीने उपयुक्तता म्हणजे मुख्यतः परीक्षेतील यश आणि नोकरी वा उमेदवारी न सोडता होणारा अभ्यास. विषयाचे स्वरूपही यास पोषक आहे : ताळेबंद जुळला की नाही हे विद्यार्थी स्वतः पडताळू शकतो आणि न समजलेले उदाहरण पुन्हा पाहू शकतो. याउलट एकाकीपणा, वेळापत्रकाचा अभाव व अपुरी साधने यांमुळे उत्साह ओसरतो.

कोव्हिड-१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये प्रत्यक्ष वर्ग बंद पडले व संस्थेनेही ऑनलाइन वर्ग चालविले. तथापि पर्याय नसताना केलेला वापर ही खरी स्वीकृती नव्हे. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी स्वयंप्रेरित आणि बाह्य दडपणाने घडणारे वर्तन यांत केलेला भेद येथे लागू पडतो.

१ जुलै २०२३ पासून अंमलात आलेल्या योजनेत स्वगतीने पूर्ण करावयाचे ऑनलाइन घटक समाविष्ट झाले आणि उमेदवारी ३ वर्षांवरून २ वर्षांवर आली. पद्धती व नियम पडद्यावरून शिकता येतात. परंतु हिशेब जुळत असूनही त्यावर संशय केव्हा घ्यावा, ही लेखापरीक्षकाची दृष्टी प्रत्यक्ष वह्या, मालसाठा व माणसे यांच्या सहवासात येते. लेखापरीक्षकाच्या सहीवर भागधारक व ठेवीदार विसंबून असतात. म्हणून संमिश्र शिक्षणाचे मूल्यमापन केवळ विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून न करता, त्यातून ही दृष्टी कितपत घडते यावरूनही करणे आवश्यक ठरते.