'माणशी १२ डबे' : एका पाटीचा इतिहास

दुकानातल्या पाटीमुळे खरेदी वाढते का, या विषयावर वाचायला बसलात तर एक प्रयोग तुम्हाला हमखास भेटेल. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीमधली सुपरमार्केट. कॅम्पबेल सूपच्या डब्यांवर थोडी सूट. पाटी मात्र वेगवेगळी: कधी 'माणशी जास्तीत जास्त ४', कधी 'जास्तीत जास्त १२', कधी 'मर्यादा नाही'. ब्रायन वॉनसिंक, रॉबर्ट केंट आणि स्टीफन होक यांनी हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. मर्यादा नसताना सूप घेणाऱ्यांनी सरासरी ३.३ डबे घेतले, ४ च्या पाटीला ३.५ आणि १२ च्या पाटीला चक्क ७!

यामागची कल्पना जुनी आहे. समोर दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो, हे ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. त्याला अँकरिंग म्हणतात. पुढे काहनेमन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात सूपचं उदाहरण घेतलं. पण तिथेच त्यांनी हेही सांगितलं की कारण एवढंच नसेल. मर्यादा घातली की माल भराभर संपतोय असंही गिऱ्हाइकाला वाटतं.

मग कुठलं कारण खरं? ४ ची पाटी जास्त कडक, तरी खरेदी वाढली नाही. म्हणजे टंचाईची भीती बाद, असं पटकन वाटेल. जरा थांबा. ४ च्या पाटीला पाचवा डबा घेताच येत नाही. कमाल ४ असताना सरासरी ३.५ येते, म्हणजे साधारण निम्म्या लोकांनी तरी पूर्ण ४ डबे उचलले असणार. उलट 'मर्यादा नाही'मधले ३.३ कसेही येऊ शकतात: बऱ्याच जणांनी एकेक आणि काहींनी दहा-दहा घेऊनही. नुसत्या सरासरीवरून हा वाद मिटत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने किती डबे घेतले, तो कच्चा डेटा लागतो.

याच मुद्द्यावर पुढचा इतिहास घडला. २०१६ च्या अखेरीस वॉनसिंक यांनी लिहिलं, की अपेक्षित निष्कर्ष न मिळालेल्या एका अभ्यासाचा डेटा त्यांनी एका विद्यार्थिनीला पुन्हा तपासायला दिला आणि त्यातून शोधनिबंध निघाले. टिम व्हॅन डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राउन यांनी ते चार निबंध तपासले. छापलेल्या तक्त्यांतच सुमारे १५० विसंगती सापडल्या. एक तपासणी अगदी सोपी असते: दहा माणसांनी घेतलेल्या डब्यांची सरासरी ३.४ येऊ शकते, ३.३५ कधीच नाही, कारण अर्धा डबा कुणी विकत घेत नाही. २०१८ मध्ये जामा समूहाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध मागे घेतले. कॉर्नेल विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तनाचा ठपका आला आणि त्यांनी राजीनामा दिला. मुद्दाम फसवल्याचं मात्र त्यांनी नाकारलं.

सूपचा निबंध त्या चारांत नव्हता, सहांतही नव्हता. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण फक्त त्याच्याच भरवशावर 'आकडा लावा, विक्री दुप्पट करा' असंही लिहिता येत नाही. संदर्भ देताना 'सू सिटी, सूप, थोडी सूट' ही चौकट सोबत लिहा. आणि पाट्यांवर स्वतः प्रयोग करणार असाल तर सरासरीवर न थांबता प्रत्येक बिलाची नोंद जपून ठेवा. वीस वर्षांनी कुणी प्रश्न विचारला, तर उत्तर त्या नोंदीत असेल.