चाकाचं घर

वाका, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला. कोकणातला पाऊस तिरका मारतो, म्हणून पडवीचं छप्पर पार खाली उतरवलंय. मघाशी मागे रिक्षा होत्या, मोबाइलची दुकानं होती, बारा मजली इमारत होती. आता वळून पाहाल तर बैलगाड्यांची रांग दिसेल आणि पलीकडे भरतीची वाट पाहणारं पनवेलचं बंदर.

साल १८५५, माघ महिना. तीन वर्षांपूर्वीच गावात नगरपालिका झालीय. तुम्ही ज्याच्या पडवीत उभे आहात तो सुतार त्या कारभारात कुठेच नाही. त्याचं नाव विचारू नका, ते कुठल्या दप्तरात सापडायचं नाही. हे घरही पत्त्यावर शोधू नका. जुन्या पनवेलीत जशी कामकऱ्यांची घरं असायची, त्यांतलंच हे एक समजा.

पायाखाली लाकडाचा भुगा. हवेत ताज्या तासलेल्या बाभळीचा वास. जरा बाजूला सरका, घाटावरचा गाडीवान आत येतोय.

"सुतारदादा, जोडी द्या बरं चांगली. घाटानं पार खाल्ली चाकं."

"बसा, पाणी घ्या. जोडी तयार आहे, लोहाराकडून लोखंडी धाव तेवढी चढवायचीय."

'घाटानं खाल्ली' ही त्याची अतिशयोक्ती नाही. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा. आता गाड्या उतरतात, पण भरल्या गाडीचा लोट बैलांना आवरत नाही. मग चाक दोराने जखडून घसरत खाली आणायचं. लोखंड झिजतं, आरे खिळखिळे होतात. वर देशावर झाडी विरळ, लाकूड महाग. खाली पनवेलीत जंगलही जवळ आणि हातही तयार. म्हणून परतताना नवी चाकं इथूनच न्यायची.

आता सुताराच्या हाताकडे बघा. मधोमध तुंबा: बाभळीचा, चिवट, सहसा न चिरणारा. त्यात बारा भोकं. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला भोकात बसणारं कुसू काढलंय, ते भोकापेक्षा केसभर जाड. घण बसतो, आरा आत जातो आणि पुन्हा हलत नाही. वर चाकाच्या कडेचे सहा पुठ्ठे, एका पुठ्ठ्यात दोन आरे. शेजारी लोहाराने धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल केलीय. ती चाकावर बसते, लाकूड धुरावतं, पोरं घागरींनी पाणी ओततात. चर्र! लोखंड आकसतं आणि सगळे सांधे एकमेकांना घट्ट आवळतं.

आता मान वर करा. ऐनाचा खांब, त्यावर तुळई. त्यांच्या सांध्यातही तेच कुसू, तेच भोक, वरून लाकडाची पाचर. खिळा नाही. चाक आणि घर एकाच विद्येवर उभं आहे. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, कारण चांगलं लाकूड विकायचं असतं, भिंतीत घालायचं नसतं. माळ्यावर चुलीच्या धुरात उद्याचे आरे वाळताहेत. पडवीला उंबरा ठेवलेला नाही. चाक लोटत थेट रस्त्यावर नेता यावं, म्हणून.

थोडं पुढे सरका. १८६३. बोरघाटातून आगगाडी धावू लागली, पण ती कर्जत-कल्याणवरून मुंबईला गेली, पनवेल बाजूलाच राहिलं. बंदराची रया उतरू लागली. पनवेलीत रेल्वे यायला पुढे जवळपास शंभर वर्षं जायची होती. तरी सुताराचा घण थांबला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या इम्पीरियल गॅझेटियरने पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाकं करण्याचीच नोंद केली. घाटावरचा प्रत्येक गाडीवान इथून चाकांची जोडी नेतो, असंही त्यात आहे. सुताराचं नाव नाही, काम मात्र नोंदलं गेलं.

मग रबरी टायर आले, ट्रक आले, सिडको आली, द्रुतगती मार्ग आला. चला, आता परत या.

इथून जवळच शिरढोणला १८४५ साली क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचं घर जपलं गेलं, ते योग्यच झालं. वाडा असला, थोर पुरुष असला की आपल्याला वारसा ओळखता येतो. कुडाच्या घराला मात्र आपण 'मोडकळीस आलेलं' म्हणतो. खरं तर मुंबईसाठी १९९५ साली झालेल्या वारसा नियमावलीच्या तिसऱ्या श्रेणीत भव्य नसलेल्या, पण वस्तीचा चेहरा घडवणाऱ्या इमारतींनाही जागा आहे. मोठमोठे वाडे पनवेल कसं मिरवत होतं ते सांगतात. पनवेल जगत कशावर होतं, ते सुताराचं घर सांगतं.

प्रत्येक घर वाचवता येणार नाही, हे कबूल. पण तुमच्या घरी असं लाकूडकाम असेल, तर ते पाडण्याआधी एक दिवस द्या. मापं घ्या. सांध्यांचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा खांब कुठून आणला, कोणी तासला. जुनं लाकूड घनफुटाच्या भावाने विकलं जातं. त्यातलं कुसू कुणाच्याच हिशेबात धरलेलं नसतं.